आधी मोजमाप, मग काटकसर

घरात दोन पगार येत होते तोवर खर्चाचा हिशेब कुणी मागत नव्हतं. एक पगार थांबला आणि वही काढावी लागली. काटकसरीचे सल्ले द्यायला सगळेच पुढे असतात. दिवे बंद करा, साबण घरी करा, एक वेळचा चहा सोडा. यातलं कुठलं खरंच कामाचं आणि कुठलं नुसतं मनाचं समाधान, हे मात्र कुणी सांगत नाही, कारण आकडे कुणी काढलेले नसतात. म्हणून ठरवलं, कुठलीही सवय घरावर लादण्याआधी ती गोष्ट मोजायची.

वहीत रकाने तीनच पाडले. महिन्याच्या महिन्याला येणारा खर्च, हौसेचा खर्च आणि काहीतरी मोडलं, फाटलं, बंद पडलं म्हणून झालेला खर्च. किराणा, प्रवास, औषधं अशी नेहमीची वर्गवारी मुद्दाम टाळली, कारण तिच्यातून पैसा कुठे गेला ते कळतं, का गेला ते कळत नाही. हौसेचा रकाना आधीच रोडावलेला होता. त्याला हात लावला नाही. हौस मारून केलेली काटकसर फार दिवस टिकत नाही असं माझं मत आहे. जाडजूड निघाला तो तिसरा रकाना. बटण तुटलं म्हणून मागे पडलेला आणि मग नव्याने घेतलेला शर्ट, झिजलेली चादर, दांडा निखळलेली कढई, चालेनाशी झालेली इस्त्री. या रकान्याकडे नंतर येते. सुरुवात विजेपासून केली, कारण तिचं मोजमाप दारातच लटकलेलं असतं.

हल्लीच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याशेजारी एक आकडा छापलेला असतो. एका युनिटला तो दिवा किती वेळा लुकलुकतो, त्याचा तो आकडा. आमच्या मीटरवर ३२०० आहे. युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर चालवल्यावर होणारी खपत. मग गणित सोपं होतं. दोन लुकलुकण्यांमध्ये किती सेकंद जातात ते घड्याळात बघायचं, त्या सेकंदांना मीटरवरच्या आकड्याने गुणायचं आणि जे येईल त्याने ३६ लाखांना (हजार वॅट गुणिले तासाचे ३६०० सेकंद) भागायचं. उत्तर येतं ते त्या क्षणी घर किती वॅट खातंय त्याचं.

रात्री घरातलं सगळं बंद केलं. दिवे, पंखे बंद, फ्रीजचंही बटण तेवढ्यापुरतं बंद. मीटरसमोर उभी राहिले तर दिवा साधारण दर तीस सेकंदांनी लुकलुकतोच आहे. म्हणजे ३७ वॅटच्या आसपास. काहीही न करणारं घर अखंड ३७ वॅट खात होतं, म्हणजे महिन्याला २७ युनिट. मग एकेक प्लग उपटत गेले आणि दर वेळी सेकंद मोजत गेले. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स सगळ्यात खादाड निघाला. रिमोटने तो ‘बंद’ होतो, पण हात लावला तर गरमच लागतो. त्याच्यामागे राउटर, मग स्पीकर, मग धुलाई यंत्र, जे काम नसतानाही आपला पडदा उजळून बसलेलं असतं. मोबाइलच्या मोकळ्या चार्जरमुळे सेकंदांत कळण्याजोगा फरकच पडला नाही. ज्या चार्जरवरून घरात सगळ्यांना सगळ्यात जास्त बोलणी बसत होती तो निर्दोष सुटला. आता टीव्ही, बॉक्स आणि स्पीकर एकाच पट्टीवर घेतलेत आणि झोपताना पट्टीचं बटण बंद होतं.

याच मोजणीतून जी गोष्ट कळली तिने पुढची सगळी दिशा ठरवली. घरात महाग असते ती उष्णता. उजेड जवळपास फुकट आहे. १५ लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला साधारण ०.४४ युनिट लागतं, आणि तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा दोन दिवस, दोन रात्री अखंड जळतो. पूर्वीच्या ६० वॅटच्या तारेच्या बल्बच्या काळात दिवा बंद करण्याला अर्थ होता. एलईडी लावल्यावर तोच दरारा दिव्याला ठेवायचं कारण उरलं नाही. तरी सवय जात नाही. नवऱ्याने एकदा वैतागून विचारलं, “अगं, आता काय अंधारात बसायचं का?” म्हटलं, “दिवा लाव रे खुशाल, आंघोळीला बादली मात्र काठोकाठ भरू नकोस.”

तेव्हापासून घरात जे जे तापतं त्याच्यामागे लागले. गीझर आंघोळीच्या आधी चालू होतो, आंघोळी पाठोपाठ उरकतात आणि तो बंद होतो. दिवसभर चालू राहिलेली टाकी गळत नसली तरी तिच्यातली उष्णता भिंतींमधून जातच असते. पैसे वाचवायला टाकीचं तापमान मात्र कोमटावर आणून ठेवू नये. साठलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. २० ते ४५ अंश ही त्यांच्या आवडीची हवा, ६० अंशांना ते टिकत नाहीत. पाणी तापवायचं ते नीट तापवायचं आणि कमी वेळा तापवायचं. कपडे धुतानाही तेच. यंत्र फिरायला वीज थोडी लागते, पाणी तापवायला खूप. नळाचं पाणी २० अंशांचं असेल, तर ते ६० पर्यंत नेण्याच्या चौथाई उष्णतेत ३० पर्यंत जातं. रोजच्या घामाधुळीच्या कपड्यांना थंड किंवा ३० अंशांचं पाणी पुरतं. आजारी माणसाचं अंथरूण, टॉवेल एवढंच गरम पाण्यात जातं. इस्त्री आठवड्यातून एकदा, सगळे कपडे एकत्र. आधी कमी तापमानाचे रेशमी आणि कृत्रिम धाग्याचे, मग सुती, आणि शेवटचे एकदोन रुमाल बटण बंद केल्यावर उरलेल्या धगीवर.

स्वयंपाकघरात उष्णता वाचवायच्या युक्त्या जुन्याच आहेत, पण त्या का चालतात हे कळलं की हात आपोआप वळतो. भांड्यावर झाकण ठेवायचं, कारण वाफ जाते तेव्हा सगळ्यात जास्त उष्णता घेऊन जाते. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली की ती हवा तापवते. पाण्याला एकदा उकळी फुटली की आच वाढवून पाणी जास्त तापत नाही, फक्त लवकर आटतं, म्हणून उकळीनंतर आच बारीक. कडधान्य रात्री भिजत घातलं की शिजायचा वेळ खूप कमी होतो. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांवर उकळतं, सगळी बचत त्या वीस अंशांत आहे. ही कल्पना काही आजची नाही. दनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असं भांडं मांडलं होतं, आणि ते फुटू नये म्हणून वाफ सोडणारी झडपही त्यानेच बसवली. कुकरची झडप आणि रबर यांत काटकसर करायची नाही, हे यातच आलं.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र गुंडाळून शिजवण्याची. भिजवलेलं कडधान्य भरपूर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळायचं, झाकण उघडायचं नाही, पातेलं तसंच टॉवेलात आणि जुन्या ब्लँकेटात घट्ट गुंडाळून खोक्यात ठेवून द्यायचं. आतल्या आत ते काही तासांत शिजतं. पूर्वी यासाठी पेटीत वाळकं गवत भरत, आणि दुसऱ्या महायुद्धात इंधनाची चणचण असताना ब्रिटनमध्ये अशा पेट्या पुष्कळ वापरात होत्या. पातेलं मोठं आणि भरलेलं हवं, थोडकं अन्न पटकन निवतं. बाहेर काढताना थर्मामीटर घालून बघते. ६० अंशांच्या खाली गेलेलं दिसलं की पुढच्या खेपेला गुंडाळण जाड करते. वाढण्याआधी पुन्हा उकळी तर काढतेच. अन्नातून पोट बिघडलं तर वाचलेलं सगळं डॉक्टरकडे जाणार.

फ्रीज एरवी मोजायला अवघड, कारण तो थांबून थांबून चालतो. त्याची निदान एक दिवस-रात्रीची खपत बघावी लागते. आमच्या फ्रीजला भिंतीपासून थोडं पुढे ओढलं, मागच्या जाळीवरची धूळ काढली आणि दाराच्या रबराची परीक्षा घेतली. कागदाचा कपटा दारात धरून दार लावायचं आणि कपटा ओढायचा. अडकला तर ठीक, सरकन निघाला तर त्या जागी रबर सैल आहे. खालच्या कोपऱ्यात तो सरकन निघाला. रबर मळलेलं होतं, साबणाच्या कोमट पाण्याने पुसून मऊ केल्यावर पुन्हा बसलं.

आता तिसरा रकाना. पहिला मोर्चा न्हाणीघराच्या नळाकडे वळवला. तो थेंबथेंब गळत होता आणि गळका नळ हा घरातल्या सगळ्यांना ऐकू येऊनही कुणालाच ऐकू न येणारा आवाज असतो. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला सव्वाचार लिटर, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर.

नळ उघडणं अजिबात कठीण नाही, क्रम तेवढा पाळायचा. आधी मागचा कॉक बंद करायचा आणि नळ सोडून उरलेलं पाणी जाऊ द्यायचं. मग खालच्या जाळीवर फडकं कोंबायचं, कारण स्क्रू जातो तो नेमका तिथेच. वरचं झाकण नखाने किंवा चपट्या पेचकसाने उचकटायचं, आतला स्क्रू काढायचा, मूठ वर ओढून काढायची. मग पाना लावून डोकं फिरवायचं. पान्याखाली कापड घातलं की निकेलवर चरे पडत नाहीत. डोकं निघालं की आतला दांडा दिसतो आणि त्याच्या टोकाला रबराची छोटी चकती. हेच वॉशर. आमच्या वॉशरवर मधोमध गोल खाच पडली होती, एका बाजूला तर ते चिरलेलं होतं. वर्षानुवर्षं नळ आवळून आवळून बंद करत राहिलं की असं होतं. जितका गळतो तितका माणूस जास्त आवळतो, आणि जितका आवळतो तितकं रबर जास्त कापलं जातं. ते वॉशर तसंच दुकानात घेऊन जायचं आणि त्याच मापाचं आणायचं. अंदाजाने आणलेलं बसत नाही. बसवण्याआधी नळातली ज्या कडेवर वॉशर टेकतं ती बोटाने चाचपून बघायची. खडबडीत लागली तर नवं वॉशरही लवकर जाईल. आट्यांवर टेफलॉनची पट्टी आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळायची, उलट गुंडाळली तर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. मग कॉक हळूहळू उघडायचा. पाव फेऱ्यात उघडणारे नवे नळ वेगळे. त्यांत वॉशर नसतं, सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात आणि आतलं अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. तेही काम तेवढंच सोपं आहे.

फ्लशची टाकी याहून लबाड. ती आवाज न करता गळते. टाकीत खायच्या रंगाचे काही थेंब टाकायचे आणि अर्धा तास कुणी फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला, की तळाचं रबर गेलं समजायचं.

कपड्यांच्या दुरुस्तीत मी जितकी रमले तितकी कशातच नाही. बाजारात मिळणारं कापड पातळ होत चाललंय की आपण धुतोच फार, हा वाद बाजूला ठेवू. माझ्या पाहण्यात कपडे फाटून जात नाहीत, विरून जातात, आणि विरताना ते आधी सांगतात. पँट मांडीच्या आतल्या बाजूने उजेडासमोर धरली की विरळ भाग चाळणीसारखा दिसतो. ठिगळ लावायची वेळ हीच. भोक पडल्यावर लावलेलं ठिगळ दिसतं आणि टोचतं. विरलेल्या भागापेक्षा सगळीकडून दोन बोटं मोठा तुकडा आतून ठेवायचा, कडेने टाचायचा आणि कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने बारीक धावदोऱ्याच्या जवळजवळ रांगा घालायच्या. तुकडा नव्या कोऱ्या कापडाचा नको, पहिल्या धुण्यात तो आटतो आणि पँट चुरगळल्यासारखी दिसते. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या पँटचा पाय यासाठी कापून ठेवलेला बरा.

चादरीची गोष्ट तर फारच सोपी. चादर नेहमी मधोमध विरते, जिथे माणूस झोपतो तिथे. कडा कोऱ्या करकरीत असतात. चादर उभी मधोमध कापायची, बाहेरच्या दोन कडा एकमेकींना जोडून त्यांची चपटी शिवण मध्ये घ्यायची आणि कापलेल्या विरळ बाजू आता कडेला गेल्या, त्यांना दुमडून टीप मारायची. गादीखाली खोचायला त्या पुरतात. मध्ये शिवण येते, पण चपटी घातली तर पाठीला लागत नाही. मोज्यांना रफू करताना आत जुना बल्ब घालते. त्याच्या गोलाईवर भोक ताणलं जात नाही. आधी उभे धागे, मग आडवे, एक खालून एक वरून. आणि बटण: कापड आणि बटण यांच्यामध्ये काडेपेटीची काडी धरून टाके घालायचे, काडी काढायची, आणि मधल्या सैल दोऱ्याला दोरा गुंडाळून बटणाची मान तयार करायची. जाड कोटाचं बटण अशा मानेशिवाय टिकत नाही. मुलीने हे एकदा बघितलं आणि आता तिच्या मैत्रिणींची बटणं आमच्या घरी येतात.

सगळंच घरी करावं असं मात्र मला वाटत नाही. साबणाचंच घ्या. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यातून साबण घरी होतो हे खरं, पण चांगलं तेल विकत घ्यायचं, हातमोजे आणि चष्मा घालून सोडा हाताळायचा, वड्या चार ते सहा आठवडे सुकवायच्या, आणि शेवटी साधी वडी विकत घेण्याहून ती महागच पडते. आवड असेल तर जरूर करावा, बचत म्हणून नाही. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून केलेलं ‘घरगुती क्लीनर’ही तसंच. फेस छान येतो, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यावर हातात राहतं ते थोडा क्षार (सोडियम ॲसिटेट) मिसळलेलं पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे. नळाच्या तोंडावरचा पांढरा थर कॅल्शियमचा असतो, तो व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं की सुटतो. संगमरवरावर मात्र आम्ल लावायचं नाही, तोही कॅल्शियमचाच. तेलकटपणाला धुण्याचा सोडा. आणि ब्लीचबरोबर आम्ल किंवा अमोनिया कधीही नाही, त्यातून विषारी वायू निघतो. धुण्याच्या पावडरीत खरी बचत आहे ती चमच्यात. जास्त पावडर कपड्यांत अडकून राहते, कपडे ताठ होतात आणि खळबळायला पाणी जास्त लागतं. मी माप कमी करत करत कपडे मळकट दिसायला लागेपर्यंत गेले आणि एक पायरी मागे आले.

मोडलेल्या वस्तूंचं एक खोकं आता कायम असतं. इस्त्रीची वायर बहुतेक वेळा प्लगच्या किंवा मुठीच्या तोंडाशी तुटते. प्लगपाशी तुटली असेल तर, तो भिंतीतून काढून ठेवल्यावर, वायर चार बोटं कापून नवा प्लग बसवणं कुणालाही जमावं. ॲमस्टरडॅममध्ये २००९ मध्ये मार्टिने पोस्टमा यांनी पहिला रिपेअर कॅफे भरवला. लोक मोडक्या वस्तू घेऊन येतात आणि जाणकारांबरोबर बसून स्वतः दुरुस्त करतात. तसलं काही जवळपास असेल तर अवश्य जावं, कारण व्हिडिओत बघून जे कळत नाही ते शेजारी बसलेला माणूस बोट ठेवून दाखवतो.

मी हात लावत नाही अशा गोष्टींची यादीही आहे. गॅसची नळी आणि रेग्युलेटर यांच्या जोडणीत कुठेही शंका आली तर, भिंतीतलं वायरिंग, आणि मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्हचा प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विद्युतभार राहू शकतो. या कामांना जाणकार माणूस बोलावते आणि त्याने मागितलेले पैसे कुरकुर न करता देते. फक्त तो काम करत असतो तेव्हा बाजूला उभी राहून बघते, आणि काढलेला जुना भाग मागून घेते.